दगडी

"लवकर निदान म्हणजे अर्धा विजय!" काकासाहेब माइकवर गरजले. उरलेला अर्धा कुठे मिळतो, हे सांगण्याआधीच त्यांच्या वाढदिवसाचा केक आला.

मॅमोग्राफीची गाडी काष्टीच्या शाळेपुढे उभी होती. फ्लेक्सवर 'स्तन' हा शब्द शोभला नसता, म्हणून 'महिलांसाठी विशेष तपासणी' एवढंच छापून बाकी जागेत काकासाहेबांचा चेहरा टाकला होता. तो शोभत होता, असं सगळ्यांचं मत पडलं. विमलबाई तपासून घेऊन आल्या.

पुढच्या आठवड्यात गाडीवरच्या सविता सिस्टरचा फोन आला. अर्थात विमलबाईंच्या नवऱ्याला, जालिंदरला. घरातला मोबाईल शहाण्या माणसाकडे असे.

"काका, काकूंच्या छातीत गाठ दिसतेय. लहान आहे, लवकर सापडलीय. नगरला आणा, सुई घालून तपासू. कॅन्सर निघाला तरी या टप्प्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात."

जालिंदरने फोन खिशात टाकला. "लवकर घावलीय म्हनत्यात. म्हंजी लई टाईम हाय. काकासाहेब गाडी देतो म्हनलेत, तवा जाऊ."

मग कांदा निघाला. मग पुतणीचं लग्न निघालं. काकासाहेबांची गाडी तेवढी निघेना.

श्रावणात जर्सी गाईची कास एका अंगाने कडक लागली. दगडी, म्हणजे कासेचा दाह! जालिंदर धार अर्धी टाकून पळाला आणि जनावरांच्या डॉक्टरला मोटरसायकलवर बसवूनच घेऊन आला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचं व्याख्यान झालं. "कास हाताला कडक लागली का त्याच दिशी डॉक्टर! उशीर केला का सड गेलाच म्हनून समजा."

इंजेक्शन देताना गाय विमलबाईंनी धरली होती.

"अवो, डागदर आलेच हायेत, तर माझी बी दावू का?"

डॉक्टर गाईकडे बघत राहिले. जालिंदरने हेही टपरीवर सांगितलं. लोक पोट धरून हसले.

दिवाळीनंतर काखेतही गाठ लागली, तेव्हा कुठे दोघं नगरच्या डॉक्टरीणबाईंपुढे बसले.

"उपचार करू. पण तेव्हा जी खात्री देता आली असती, ती आता देता येणार नाही. इतके महिने केलंत काय?"

"गाय बरी झाली," विमलबाई म्हणाल्या.

"यायला साधन न्हवतं, म्याडम," जालिंदर घाईने म्हणाला.

काष्टीहून नगरला रोज एसटी जाते. बायकांना तिकीट अर्धं आहे.