मालकीण घरात आहे

घर उभं राहावं बायकोच्या कष्टातून आणि कागदावर नाव लागावं नवऱ्याचं, ही आपल्याकडची जुनी रीत. लालबागच्या गुणाजीलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

प्रभादेवीला चार खोल्यांची एक बैठी चाळ विकाऊ होती. एका खोलीत राहायचं, दुसरीत खानावळ चालवायची, उरलेल्या दोन भाड्याने द्यायच्या आणि त्या भाड्यातून पतपेढीच्या कर्जाचे हप्ते फेडायचे. हा बेत गुणाजीच्या बायकोचा, मालनचा. इसारही तिच्याच खानावळीच्या कमाईतून दिलेला. गुणाजी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. त्याचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरला तरी मिळवली!

"खरेदी माझ्या नावावर होऊ दे," तो म्हणाला. "बायकोच्या घरात राहतो म्हणून लोक हसतील."

मालनने भाकरी थापता थापता वर पाहिलं. "लोक तुम्हाला हसतील, म्हणून माझं नाव नको?"

गुणाजीने टोपी चढवली आणि तो जामीन शोधायला बाहेर पडला.

कर्जाला दोन जामीन हवे होते. खानावळीत जेवणारे गाववाले भिवा आणि दौलत यांना घेऊन तो पतपेढीत गेला. बरोबर आलेली मालन बाहेर बाकावर बसली. चिटणीस कमलाकांतांनी विचारलं, "कर्ज कोणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या," गुणाजी ऐटीत म्हणाला.

भिवाने उचललेला टाक खाली ठेवला!

"राग मानू नको गुणाजी, पण मी सही करीन ती वयनीच्या नावावर."

"अरे, मी काय पैसे बुडवीन?"

"तसं नाय रे. गिरणी बंद पडली तेव्हा आम्हाला उधारीवर जेवू कोणी घातलं? तू तर आमच्याच पंगतीला होतास!" दौलतने हसू दाबलं. भिवा मात्र गंभीर होता. "आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात वयनी जेलात गेली, तेव्हा आळीभर पेढे कोणी वाटले?"

"मी," गुणाजी पुटपुटला.

"बायको मुंबईसाठी तुरुंगात गेली, म्हणून छाती फुगवून फिरत होतास. हसलं का कोण? अरे, अख्खी मुंबई मिळवायला बायको चालते, मग त्यातल्या चार खोल्या तिच्या नावावर का चालत नायत?"

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो ताडकन उठला, बाहेर गेला आणि मालनला हाताला धरून आत घेऊन आला.

"चिटणीस, कर्जही हिच्या नावावर आणि घरही हिच्याच! अन् जामीन दोन नाहीत, तीन लिहा. तिसरा मी!"

मालनने पदराने डोळे टिपले आणि ठसठशीत सही केली.

पुढच्याच महिन्यात एक गृहस्थ भाड्याची खोली बघायला आले. "मालक आहेत का?"

"मालक नाहीत, मालकीण आहे!" शेजारच्या चाळीत ऐकू जाईल अशा आवाजात गुणाजी म्हणाला. "बसा, बोलावतो. मी त्यांचा नवरा!"

वाचकहो, मुंबईसाठी आपल्या आयाबहिणी पोलिसांपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्याला त्यांचा अभिमान वाटला. मग त्यांनी घामाने उभं केलेलं घर त्यांच्या नावावर करताना आपला हात का अडखळावा? बायकोचं नाव लागल्याने नवऱ्याची मान खाली जाते असं कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा प्रभादेवीला जाऊन गुणाजीची ताठ मान बघून यावी!