ऑर्गन कुठे गेला

"मम्मा, यू आर नॉट इन धिस," शेनॉन म्हणाली आणि तिने फोन आईच्या नाकासमोर धरला.

व्हेरोनिका ओट्यापाशी सुरमई साफ करत होती. हात बरबटलेले, म्हणून तिने लेकीलाच व्हिडिओ पहिल्यापासून लावायला सांगितला. गेल्या शनिवारी 'मिठागर'चा, म्हणजे त्यांच्या बँडचा, आजवरचा सगळ्यात मोठा शो झाला होता. बाहेरून आलेल्या एका मेटल बँडच्या आधी त्यांना अर्धा तास मिळाला होता. शेनॉनची परीक्षा होती आणि नवरा मॉरिसची जबल अलीच्या गोदामात शिफ्ट, त्यामुळे घरचं कोणीच आलं नव्हतं.

व्हिडिओ 'ओहोटी'चा होता. हे गाणं बरंचसं व्हेरोनिकाचंच. वसईत गावच्या चर्चमध्ये ती लहानपणापासून ऑर्गन वाजवायची, आणि कॉलेजात हार्ड रॉकच्या कॅसेटी हाती लागल्यावर तिचं डोकं फिरलं. हे दोन्ही एकाच गाण्यात बसू शकतं असं तिला तेव्हापासून वाटायचं, पण ते पटणारी माणसं भेटली ती थेट दुबईत, हॉटेलच्या बँक्वेट ऑफिसात नोकरी करता करता चाळिशी आल्यावर. पुण्याचा सुजीत गिटार वाजवायचा आणि गायचा, मुंबईचा ऑस्कर ड्रम्सवर, कैवल्य बेसवर. 'ओहोटी' सुरू व्हायचं ते सात मात्रांच्या दणदणीत गिटारने. लोक चारच्या हिशेबाने डोकं हलवायला जायचे आणि फसायचे. मग गिटार थांबायची, आणि तीन-तीनच्या संथ चालीत व्हेरोनिकाच्या कीबोर्डवरचा ऑर्गन पुढे यायचा. शेवटी सात आणि तीन एकमेकांवर चढायचे आणि पुष्कळ ओढाताण करून एकाच ठोक्यावर आदळायचे. त्या ठोक्यासाठी ते वर्षभर घाम गाळत होते.

व्हिडिओत गिटार होती, ड्रम्स होते, बेससुद्धा स्वच्छ होता. मधला संथ भाग आला. तिथे ड्रम्स-बेसवर सुजीतचा लांबलचक गिटार सोलो ऐकू आला. त्या दिवशी तो मध्येच वाजवू लागला तेव्हा तिला वाटलं होतं, एवढी गर्दी बघून पोरगा रंगात आलाय, वाजवू दे. पडद्याच्या कडेला तिची बोटं कीबोर्डवर पळताना क्षणभर दिसली. आवाज शून्य.

"आवाज वाढव."

"इट्स फुल, मम्मा."

तिने हात धुतले आणि सुरमई तशीच टाकून फोन केला तो मुनिबाला. मुनिबा त्या शोची साउंड इंजिनिअर, हैदराबादची चुणचुणीत मुलगी. सगळे आवाज तिच्याच बोर्डावरून लोकांपर्यंत जायचे.

"मुनिबा, मेरा ऑर्गन कहां गया?"

मुनिबा म्हणाली, "दीदी, मुझे लगा आपको पता है. आपके गिटारवाले ने ही बोला था, कीज़ नीचे रखो. मैंने पूछा, कितना नीचे? बोला, खलास."

"लेकिन मुझे तो सुनाई दे रहा था!"

"हां, वो भी उसी ने बोला था. आपके मॉनिटर में चालू रखना, बाहर बंद."

व्हेरोनिका खुर्चीवर बसली. आवाज बंद केला हे एक वेळ तिने गिळलं असतं. पण तिच्या पायाशी ठेवलेल्या त्या डब्यातून तिचा तिलाच आवाज ऐकवत ठेवायचा, म्हणजे बाई खूश राहील आणि तोंड उघडणार नाही! लहान मुलाच्या हातात बिनसेलचा रिमोट देतात तसं. हजारेक लोकांसमोर ती जीव ओतून वाजवत होती आणि ऐकत होती ती एकटीच.

पुढच्या शनिवारी सकाळी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या नेहमीच्या शेडमध्ये प्रॅक्टिस होती. ती शिरली तेव्हा तिघं तारा जोडत होते. तिने कीबोर्ड पिशवीतून काढलाच नाही.

"सुजीत, माझा आवाज कोणाला विचारून बंद केलास?"

सुजीतने एकदा ऑस्करकडे पाहिलं. "अगं, तू शांत हो आधी. ऑर्गनायझरचं म्हणणं होतं, क्राउड मेटलचं आहे, हेवी ठेवा. तुझा तो मधला पार्ट चर्चसारखा वाटतो. सुंदर आहे, मी नाही कुठे म्हणतोय? पण तो प्रोग झाला, बसून ऐकायचा प्रोग्रेसिव्ह रॉक. लोक आले होते हेवी ऐकायला."

"म्हणजे हेवी तुझं आणि प्रोग माझं? ही वाटणी कधी झाली? सात मात्रांचा तो गिटारचा रिफ कोणी बसवला? तू चारमध्ये वाजवत होतास. मी टाळ्या देऊन देऊन तुला सात शिकवले!"

"बँडच्या भल्यासाठीच केलं ना. अबू धाबीचा शो त्यामुळेच मिळाला."

"मग मला सांगायचं होतं तोंडावर. मॉनिटर कशाला चालू ठेवलास?"

"तू हर्ट झाली असतीस."

"आता काय झाले मी?"

शेड दणाणली. कैवल्य बेसच्या खुंट्यांशी उगाच चाळा करत राहिला. व्हेरोनिका ऑस्करकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"शो संपल्यावर कळलं," ऑस्कर खाली बघत म्हणाला. "सांगणार होतो."

"आठवडा झाला, ऑस्कर. आपण दोघं रविवारी चर्चमध्ये एकाच मासला होतो. माझ्या मागच्या बाकावर बसला होतास."

ती पुन्हा तिघांकडे वळली.

"वाजवा," ती म्हणाली. "माझ्याशिवाय वाजवून दाखवा. मला समोरून ऐकायचंय."

त्यांनी वाजवलं. ती हाताची घडी घालून ऐकत राहिली. गाणं कोसळेल, अशी तिला मनातून आशा होती. कोसळलं नाही. घट्ट, जोरकस वाजलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. फक्त शेवटचा ठोका आला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं. ज्याच्याशी भांडायचं तेच गाण्यात नव्हतं, मग एकत्र येणार कोण?

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण हे 'ओहोटी' नाही. अबू धाबीला 'ओहोटी' वाजणार असेल तर मी वाजवणार. आणि माझा आवाज तुझ्या हातात नसेल."

घरी मॉरिस म्हणाला, "अगं, सोडून दे तो बँड. तुला काय कमी आहे?"

"मी का सोडू? चूक त्याची!"

मॉरिसने पुढे वाद घातला नाही. त्याच्या गोदामातल्या एका गोवेकराकडे स्वतःचा स्पीकर असलेला जुना, कपाटाएवढा कीबोर्ड अ‍ॅम्प्लिफायर पडून होता. मॉरिसने तो पिकअपमध्ये घालून आणला आणि अबू धाबीला दोन माणसांच्या मदतीने थेट स्टेजवर चढवला.

बोर्डावर पुन्हा मुनिबाच होती. तिने ते धूड बघितलं आणि हसली. "दीदी, ये तो मेरे हाथ से गुज़रेगा ही नहीं."

"तेरे भी नहीं, किसी के भी नहीं."

सुजीत तणतणत आला. "बॅलन्स बिघडेल सगळा! लोक काय म्हणतील?"

"ऐकतील आणि मग म्हणतील."

संध्याकाळी 'ओहोटी' सुरू झालं. सात मात्रा घुमल्या, पुढची पोरं उड्या मारू लागली. मग गिटार थांबली आणि ऑर्गन आला, मैदानभर. काही जण पाण्याच्या बाटल्या आणायला निघाले. कोणीतरी घाई करत अरबीत ओरडलं, "यल्ला, हेवी!" व्हेरोनिकाचे कान तापले, पण तिने लय सोडली नाही. तेवढ्यात सुजीतने ठरल्या जागेच्या खूप आधी गिटार उचलली आणि सातमध्ये घुसला. कैवल्य गोंधळून त्याच्यामागे गेला. आता ड्रम्स ज्याच्या बाजूला जातील त्याचं गाणं.

ऑस्करने सुजीतकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तो तीनवर ठाम राहिला, तिच्या डाव्या हातावर नजर ठेवून. कैवल्यही परत तीनवर आला, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर एकट्या पडलेल्या सुजीतला थांबावं लागलं. ऑर्गन पुरा झाला, मगच गिटार आली, आणि शेवटचा ठोका चौघांचा एकत्र पडला. पुढची पोरं क्षणभर गप्प झाली आणि मग ओरडली. सगळी नाही, निम्मीशी.

स्टेजमागे सुजीत एवढंच म्हणाला, "फार लाउड होतं."

"हो," ती म्हणाली.

महिन्याभरात सुजीत वेगळा झाला. कैवल्यलाही घेऊन गेला. ऑस्करने माफी मागितली, आणि तिने ती लगेच दिली नाही. पण प्रॅक्टिसला दोघं येत राहिली, ऑर्गन आणि ड्रम्स, गिटारवाला शोधत.

मग एका दुपारी, ती हॉटेलात कुणाच्या तरी एंगेजमेंटचा मेनू ठरवत असताना, ऑस्करने तिला सुजीतच्या नव्या बँडचा व्हिडिओ पाठवला. मधल्या भागात तिचीच संथ चाल होती, सूर न् सूर, गिटारवर. पाहुण्यांना "एक मिनिट हं" म्हणून ती कॉरिडॉरमध्ये आली आणि तिने फोन लावला.

"सुजीत, ती चाल माझी आहे."

"अगं, ती कुठल्यातरी चर्चमधली जुनी ट्यून आहे ना? कोणाचीच नसते ती."

"कुठल्याही चर्चमधली नाही. मी बसवली, अल मनखूलच्या माझ्या घरात, तू समोर चहा पीत बसला होतास. तेव्हा चर्चसारखी म्हणून काढून टाकलीस, आता हवी झाली? खाली काढ."

"बघतो."

"बघू नकोस. काढ!"

इतक्या मोठ्याने की बँक्वेट हॉलच्या दारातून दोन वेटर डोकावले. तिने फोन बंद केला, साडीचा पदर नीट केला आणि आत जाऊन बिर्याणीचं बोलणं पुढे सुरू केलं. तासाभराने तिने पाहिलं तर व्हिडिओ काढलेला होता. सुजीतचा शब्दही आला नव्हता, आणि तिला तो नकोही होता.