मांडीवरची हिरा

फोटोतलं नको ते पुसायचं, हाच माझा धंदा. लोणावळ्याला फिरायला आलेली माणसं दरीकडे पाठ करून फोटो काढतात आणि मागची गर्दी, विजेच्या तारा, कणसाची गाडी असलं सगळं माझ्याकडून पुसून घेतात. आता हे फोनवरही बोट फिरवून होतं, त्यामुळे माझ्या वाट्याला उरतात ती किचकट कामं. त्या दिवशीचं काम मात्र नुसतं किचकट नव्हतं.

कुरवंडे गावचा विकास बहिणीला, उज्ज्वलाला, घेऊन आला. उज्ज्वलाचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आता देहूरोडचं स्थळ आलं होतं आणि त्यांना फोटो हवा होता. विकासने मोबाइल पुढे केला. गेल्या वर्षीच्या जत्रेतला फोटो. उज्ज्वला खळखळून हसतेय आणि मांडीवर तिची तीन वर्षांची हिरा. तिला दोन्ही हातांनी कवटाळलेलं.

"ही पोरगी तेवढी काढा यातनं," विकास म्हणाला.

"काढा म्हणजे? ती काय तार आहे?" माझा आवाज चढला.

"पावनं म्हणत्यात, पोर चालनार न्हाई. ती हिच्या सासूपाशी ऱ्हाईल." तो खाली बघत होता. "मला बी ग्वाड वाटत न्हाई, भाऊ. पन हिचं वय काय हाय? उभा जन्म काढायचाय."

मी म्हटलं, मग नवाच फोटो काढू. उज्ज्वला स्टुलावर बसली, मांडीवर हात जुळवून. "हसा ताई," मी तीनदा म्हणालो. तिन्ही वेळा तिने नुसते ओठ ताणले. शेवटी जत्रेतलाच घ्यायचं ठरलं.

हिराला कापायला घेतलं आणि अडलो. आईची बोटं तिच्या फ्रॉकमध्ये अशी रुतली होती की वेगळी करताच येईनात. मग हातांसकटच पोरगी उचलून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली. रिकाम्या जागी आजच्या फोटोतले जुळवलेले हात बसवले, पदर सारखा केला. काम इतकं बेमालूम झालं की मला माझीच लाज वाटली.

विकास फोनवर बोलायला बाहेर गेला होता. उज्ज्वला स्क्रीनजवळ आली. आपल्या रिकाम्या मांडीकडे बघत राहिली.

"हिरा कुटं गेली?"

मी दुसरी फाइल उघडली. पांढऱ्या पडद्यावर हिरा, आणि तिच्या पोटाभोवती कोपरापर्यंतचे दोन हात. बाकी आई नाहीच. मला ते बघवेना. मी फाइल बंद करायला गेलो.

"ह्यो पुसू नगा," ती घाईने म्हणाली. "मोठा करून द्या. ती आजीपाशी निजती, तितं भिंतीला लावते."

"ताई, यात तुम्ही नाही. नुसते हात आहेत."

"व्हय. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

मी दोन्ही प्रिंट काढल्या. हसरा फोटो विकासने पाकिटात घातला. दुसरा उज्ज्वलाने पदराखाली घेतला आणि दोन्ही हातांनी कवटाळून पायऱ्या उतरली.