पोट राहण्याआधीची गोळी

सकाळी साडेसात वाजता नाशिकच्या सरकारी दवाखान्यात विंचूरच्या लताबाईला मुलगी झाली. मुलगी रडली. तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, पातळ कातडीची लिंबाएवढी गाठ होती. साल १९८४.

पहिल्या मुलालाही अशीच गाठ होती. तो बारशाआधीच गेला. तेव्हा इथल्याच डॉक्टरीणबाईंनी लताबाईला सांगितलं होतं, की मणक्याची ही घडण पहिल्या महिन्यातच होते, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आधीपासून घ्यायची. विलायतेत काही डॉक्टरांना तिचा फरक दिसला आहे. पक्कं अजून कोणी म्हणत नाही.

लताबाईला तेवढं पुरेसं होतं. गोळ्यांची बाटली सासू शकुबाईंनी ताब्यात घेतली. रोज सकाळी चहाबरोबर त्या स्वतः गोळी तिच्या हातावर ठेवत.

"गोळ्या चुकवल्या नाहीस ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक दिवस नाही. आधीच्या कडू होत्या, तरी घेतल्या. तिसरा महिना लागल्यावर बिनचवीच्या आल्या."

गाठीवरचं ओलं कापड सारखं करणारा डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "मी दिलेली गोळी कडू नव्हती."

शकुबाई खाटेच्या पायथ्याशी थर्मास घेऊन उभ्या होत्या.

"आत्या, काय देत होता मला?" लताबाईनं विचारलं.

"झाडपाल्याच्या. अंगाला चांगल्या." त्यांनी थर्मास खाली ठेवला. "पोट राह्यच्या आधी घ्यायची गोळी म्हंजी पाळणा न हलायची गोळी. येवढं मला कळतं. काळूला शिबिरात असंच गोड बोलून नेलं व्हतं. दिवस गेल्यावर दिल्याच की तुझ्या बाटलीतल्या."

काळू त्यांचा थोरला. १९७६ साली, एकही मूल नसताना, त्याची नसबंदी झाली होती.

"आजी, ही गोळी पाळणा नीट हलावा म्हणूनच होती."

"शिबिरातले बी डाक्टरच व्हते, बाई."

डॉक्टरीणबाईंनी कापड पुन्हा ओलं करून गाठीवर ठेवलं.

लताबाईचा नवरा निवृत्ती कांदा बाजारात मापाडी, मालाचं वजन करणारा. तो दुपारच्या एसटीनं आला. तिनं मुलगी दाखवण्याआधी विचारलं, "त्या कडू गोळ्या कोणी आणल्या?"

"आई म्हणाली, म्हणून मी त्र्यंबकहून आणल्या."

"मला का नाही सांगितलं?"

"तू घेतल्या नसत्या."

"परक्याच्या कांद्याला कधी काटा मारला नाही म्हणून गावभर सांगता," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. खऱ्या गोळ्या आधीपासून पोटात गेल्या असत्या तर?

"असं झालंच नसतं, हे मी सांगू शकत नाही. झालंच असतं, हेही नाही."

ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं आहे. मुलीचा डावा पाय हलतो. उजवा अजून हललेला नाही. निवृत्ती गाडीची चौकशी करायला गेला आहे. थर्मासातला चहा लताबाईनं घेतलेला नाही, आणि मुंबईला तिच्याबरोबर कोणी यायचं, हे तिनं सांगितलेलं नाही.