उत्कृष्ट वाचक

औशाची विशाखा पीएच.डी.साठी निजामकाळातली वर्तमानपत्रं चाळायला पहाटेची एसटी धरून नांदेडच्या विद्यापीठ ग्रंथालयात पोचली, तर वाचनकक्षातल्या एकूण एक खुर्चीवर दस्ती टाकलेली. एसटीत सीट धरायला रुमाल टाकतात तशी. माणूस मात्र औषधालाही नाही.

"बसू कुठं?" तिनं ग्रंथपाल शेषेराव सरांना विचारलं.

"हळू बोला ताई, वाचक बसलेत."

तिला वाटलं, सर गंमत करायलेत. तेवढ्यात तपासणी समिती आली. सरांनी समितीला चवड्यांवर चालत सगळा कक्ष दाखवला.

"इतका भरलेला आणि इतका शांत वाचनकक्ष आम्ही कुठंच पाहिला नाही," अध्यक्ष भारावून कुजबुजले. मग त्यांना विशाखा दिसली. "ह्या बाई मध्येच कशाला उभ्या आहेत?"

विशाखाचं डोकंच फिरलं. कोपऱ्यातल्या एका खुर्चीवरची दस्ती घसरून खाली पडली होती. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडून तिनं त्या खुर्चीवर आपटला आणि तरातरा बसस्टँड गाठलं.

महिन्याभरानं सरांचा फोन आला. "अभिनंदन ताई! तुमच्या स्कार्फला यंदाचा उत्कृष्ट वाचक पुरस्कार मिळालाय. लई नेमानं बसतो. बातमीपत्रात फोटोबी छापलाय."

हसावं की रडावं तिला कळेना. "मग सत्काराला कधी येऊ?"

"तुम्ही कशाला? तो हायच की इथं," सर म्हणाले. "तुम्हाला बसवू कुठं?"