मी प्रतीक नाही, थापी आहे

मी एक जुनी थापी आहे. गवंडी ज्या लोखंडी पात्याने विटांवर सिमेंटचा माल पसरतो, तीच मी. मित्रांनो, हे आधीच स्पष्ट करते, कारण परवा एका वर्गात माझी ओळख 'सुडाचे प्रतीक' अशी करून दिली गेली आणि तेव्हापासून माझे डोके फिरले आहे.

लोहाराने मला ठोकून घडवले, सुताराने मूठ बसवली आणि मी मालकांच्या हाती आले. मालक भिंत बांधत तेव्हा पलीकडून त्यांचा धाकटा भाऊ विटांमधले सांधे पुसत येई. लोक दोघांचे कौतुक करत. माझे कोण करणार? दोघांची घरे शेजारी होती आणि मधल्या भिंतीत ये-जा करायला एक दार होते.

एकदा चारचौघांत धाकटा थट्टेने म्हणाला, "दादाची नजर गेली आता. भिंती झुकायला लागल्यात त्याच्या!"

झाले! मालकांनी सूड घ्यायचे ठरवले. काय सूड, तर मधले दार बुजवायचे, तेही इतक्या सुरेख भिंतीने की धाकट्याने तोंडात बोट घालावे. राबले कोण? मीच. भिंत सुतासारखी सरळ झाली. पण एका बाजूने बांधले की पलीकडे माल ओघळतो आणि पुसला नाही तर तसाच वाळतो. पलीकडे पुसायला या वेळी कोणी नव्हते. रागाच्या भरात मालकांच्या हे ध्यानातच आले नाही. ते इकडे मिशीला पीळ देत बसले आणि तिकडे धाकटा येणाऱ्या-जाणाऱ्याला ओघळ दाखवू लागला, "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

मालकांची मुलगी शाळेत शिकवते. एक माणूस सुडापोटी आपल्या मित्राला थापीने भिंत बांधून जिवंत कोंडतो, अशी एक भयकथा शिकवायला ती मला घेऊन गेली. "यातला उपरोध कोणता? खरा कोंडला गेला कोण?" असे ती विचारत होती. मुले माना डोलावत वहीत मला प्रतीक करत होती. मी आयुष्यभर घरे बांधली हो!

एका मुलीने मात्र विचारले, "बाई, तुमच्या बाबांनी या थापीने शेवटचं काय बांधलं?"

बाईंनी मला घाईने पिशवीत टाकले. घरी येताच म्हणाल्या, "बाबा, काकांच्या बाजूने ती भिंत बघितलीत कधी? नुसते ओघळ आलेत."

"माझ्या भिंतीला ओघळ?" मालक ताडकन उठले, मला उचलले आणि रस्त्याने वळसा घालून भावाच्या दारात गेले. ती बाजू पाहून त्यांचा चेहरा पडला.

"तू नव्हतास ना पुसायला," ते हळूच म्हणाले.

"हाक मारली असतीस तर आलो असतो, दादा."

स्वतःलाच बाहेर ठेवणारी भिंत पुसायला येणार होता म्हणे! काय बोलावे या माणसांना?

वाळलेला माल माझ्याने निघेना. शेवटी छिन्नी-हातोडा आला आणि भिंत पाडावी लागली. दाराच्या कडा मी नीट करून दिल्या. मग दोघे भाऊ गप्पा मारत चहाला गेले आणि मला मालाने माखलेली तशीच उंबऱ्यावर टाकून गेले.

मित्रांनो, काम झाले की थापी लगेच धुवा. माल ओला असतो तोवर साधे फडके पुरते.