उजव्या खांद्यावरचा पट्टा

सुलभा उमरीकरांनी पहिली सही चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात केली होती. खोकं छापून आलं तेव्हा त्या कोपऱ्यावर एक पिवळी चांदणी होती आणि चांदणीत '९९ इन १' असं लिहिलेलं होतं. पुढच्या चित्रात त्यांनी सही डाव्या कोपऱ्यात नेली, तर चांदणीही डावीकडे आली. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी सही राक्षसाच्या ढालीवर, अगदी मधोमध घातली. चांदणी ढालीएवढी झाली आणि तिच्यात '९९९ इन १' आलं. तेव्हापासून सुलभाबाईंनी सही करणं सोडलं.

हे सगळं त्र्याण्णव सालचं. आयात नुकतीच खुली झाली होती. हैदराबादच्या गौलीगुड्यात रेडिओचे सुटे भाग विकणारे हिम्मतराव आता टीव्हीवर खेळायचे गेम विकू लागले होते. गेमच्या कॅसेटी मुंबईमार्गे पोत्यांतून येत, भुईमुगाच्या शेंगांसारख्या सुट्या. '९९ इन १' म्हणजे एका कॅसेटीत नव्व्याण्णव गेम. त्यांची खोकी हिम्मतराव इथे करून घेत आणि त्यांवर 'तुफान' हे आपलं नाव छापत. चित्रासाठी ते सुलभाबाईंकडे फक्त गेमचं नाव पाठवायचे. 'जंगल कमांडो' म्हणजे काय, 'घोस्ट जनरल' कोण, हे बाईंनी आपल्या मनाने ठरवायचं. टीव्हीच्या पडद्यावर तो जनरल म्हणजे सात-आठ चौकोनी ठिपके असायचे. पोरांना त्या ठिपक्यांत जनरल दिसायचा तो खोक्यावरच्या चित्रामुळे.

बारा वर्षांनी, दोन हजार पाचमध्ये, ती खोकी जमवणारे लोक निघाले. माधापूरच्या एका मोबाइल गेम कंपनीने त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि पेपरात जाहिरात दिली: 'तुफानची चित्रं कोणी काढली? तुम्ही काढली असतील तर या.'

चिक्कडपल्लीच्या घरी ही जाहिरात सुलभाबाईंच्या नवऱ्याने, अनंतरावांनी, मोठ्याने वाचली. ते वीज मंडळातून निवृत्त झाले होते.

"जा की," ते म्हणाले. "राक्षसांची आई म्हणून फोटो छापतील."

"छापू देत. खाली नाव घातलं म्हणजे झालं."

"बस, एवढंच?"

"एवढंच. बारा वर्षं झाली. माझं चित्र आहे, त्याच्याखाली माझं नाव पाहिजे."

सुलभाबाईंना त्या प्रदर्शनाकडून दुसरं काहीही नको होतं.

कंपनीत चित्रकार ओळखण्याचं काम हर्षदाकडे होतं. ती पुण्याची, सव्वीस वर्षांची, हैदराबादेत येऊन दोन वर्षं झालेली. जाहिरातीनंतर तिच्या खोलीबाहेर रांग लागली. सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्याचा मुलगा आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारे दोघे आले आणि एकमेकांना चोर म्हणू लागले. एक गृहस्थ आपल्या मेलेल्या भावाचं काम म्हणून आले. त्यांना भावाचं वय सांगता येईना. एकाने तर 'तुफान' लिहिलेलं खोकं स्वतःच रंगवून आणलं होतं आणि त्याचा रंग अजून बोटाला लागत होता. खोटं बोलताना लाज वाटायला हवी हे या लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं. चहाचे कप मात्र सगळ्यांनी रिकामे केले.

हर्षदाने महिनाभर ती खोकी टेबलावर मांडून पाहिली होती, आणि एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. तुफानच्या प्रत्येक योद्ध्याच्या उघड्या छातीवर तिरका चामडी पट्टा होता. बहुतेकांचा पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जायचा. पाच-सहा खोक्यांवर मात्र तो उलटा होता, उजव्या खांद्यावर. तलवार त्याच हातात, दाढी त्याच बाजूला वळलेली, म्हणजे चित्र उलटं छापलं गेलं असं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती याचं कारण विचारायची.

"प्रेसवाल्यांची गडबड," बॅनरवाल्याचा मुलगा म्हणाला.

"स्टाइल आहे मॅडम, आपली स्टाइल," ओला रंग घेऊन आलेला म्हणाला.

सुलभाबाई आल्या तेव्हा हर्षदा कंटाळलेली होती. तिने पाणीही न विचारता खोकी पुढे सरकवली. "काकू, यांचे बेल्ट उलटे का आहेत?"

सुलभाबाईंनी चष्मा लावला आणि खोकी एकेक करून पाहिली.

"ही मेलेली माणसं आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हा घोस्ट जनरल. भूत. हा कबरीतून उठलेला. हे स्मशानातले. मेलेल्यांचं काम असलं की अपसव्य करतात ना? जानवं उजव्या खांद्यावर घेतात. तुमच्याकडे श्राद्ध-पक्ष काही होतं की नाही?"

हर्षदाला आजोबांची तिथी आठवली. पाटावर बसलेले बाबा, मधूनच 'अपसव्य करा' म्हणणारे गुरुजी, आणि घाईघाईत जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना अडकलेला बाबांचा हात.

"पण हे जानवं कुठंय? हा तर बेल्ट आहे."

"आमच्या मामंजींचं जानवंच आहे ते. मी त्याचा पट्टा केला."

मामंजी म्हणजे सुलभाबाईंचे सासरे, लक्ष्मणराव. दिवाणी कोर्टातले जुने वकील. उघडा माणूस समोर उभा करून चित्र काढायचं तर सुलभाबाईंनी कुणाला सांगायचं? नवरा तयार होईना. सरकारी नोकर, कुणी पाहिलं तर काय म्हणेल. सासरे मात्र रोज सकाळी पूजेआधी सोवळं नेसून उघड्या अंगाने उभे असायचे. एक दिवस सुलभाबाईंनी भीत भीत विचारलं, मामंजी, केरसुणी जरा तलवारीसारखी धराल का? लक्ष्मणरावांनी केरसुणीला हात लावायला नकार दिला, सोवळ्यात होते, आणि त्याऐवजी देवघरामागची काठी घेतली. त्यानंतर तुफानचे सगळे वीर, लुटारू आणि दैत्य त्या वकिलावरून उतरले. पोट बाई आत घ्यायच्या, दंड फुगवायच्या. बाकी उभं राहणं लक्ष्मणरावांचंच.

"घोस्ट जनरलच्या वेळी म्हणाले, कोण आहे हा? मी म्हटलं, मेलेला सेनापती. म्हणाले, मेलेला? मग थांब. आणि जानवं बदललं त्यांनी. म्हणाले, शास्त्र ते शास्त्र, खोक्यावर असलं म्हणून काय झालं."

हर्षदा हसली आणि तिने दोघींसाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सुलभाबाईंनी एक फोटो आणून दिला. चित्र पुरं करायला सोपं जावं म्हणून त्यांनी तेव्हा स्वतःच काढलेला. सोवळ्यातले लक्ष्मणराव, काठी उगारलेली, तोंड वासलेलं, डोळे वर, जानवं उजव्या खांद्यावर. शेजारी 'घोस्ट जनरल'चं खोकं ठेवलं की वाद संपत होता.

"हे आमच्या घराबाहेर कधी गेलेलं नाही," सुलभाबाई म्हणाल्या. "पुराव्यापुरतं देते. मामंजी आता नाहीत."

"पुराव्यापुरतंच, काकू."

हर्षदा फोटो घेऊन गौलीगुड्यात गेली. हिम्मतरावांचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं झालं होतं. फोटो पाहून ते खुर्चीतल्या खुर्चीत हसले.

"हौ, उमरीकर वकीलच की हे. सुनेनं पार भूत केलं बघा त्यांचं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आम्हाला तर तुम्ही सांगितलं, कोणी बॅनरवाला होता, मेला, नाव आठवत नाही."

"मग काय सांगू? बाईमाणसानं काढलं म्हणून? कमांडोच्या डब्यावर सुलभा लिवलं तर कोन घेईल हो? पोरं हसतील. चांदणी कायला मारली मग आम्ही?"

"मुद्दाम मारली?"

"मुद्दाम नाई तर काय उडून बसली का?" त्यांनी नोकराला हाक मारली. "अरे, मॅडमला थम्सअप आण. नक्को? नक्को तर नक्को. बाईला राग आला असेल तर माझा नमस्कार सांगा."

हर्षदा पायऱ्या उतरली तेव्हा तिला कुठे तरी हात धुवावेत असं वाटत होतं.

चिन्मय हा कंपनीचा कला विभागाचा प्रमुख. मूळ मुंबईचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"हा फोटो अमेझिंग आहे," तो म्हणाला.

"फोटो सोड. नाव मिळालं आपल्याला. सुलभा उमरीकर. चिक्कडपल्ली. सगळं जुळतंय."

"जुळतंय ना. पण शोचं नाव काय आहे, हर्षदा?"

"अनामिक."

"निमंत्रणं गेलीत. स्पॉन्सरला काय विकलंय आपण? ओल्ड सिटीतला एक गरीब, अज्ञात कलावंत. आता तिथं मी चिक्कडपल्लीच्या आंटी आणू? फ्रिजवर लेसचं कव्हर असलेल्या?"

"त्यांनी काढलीत ती चित्रं."

"अगं, मी नाही म्हणतोय का? पण वकिलांशी बोललो मी. चित्रकार अज्ञात असला तर आपण टी-शर्ट काढू शकतो, कॅलेंडर काढू शकतो. नाव आलं की ते नाव दारात येऊन उभं राहतं. अज्ञात माणूस फोन करत नाही, यू नो?"

"मग शोधायला कशाला सांगितलंस?"

"शोध हा पण कंटेंट आहे ना," चिन्मय म्हणाला. त्याला यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं, आणि त्याच्याशी बोलताना किळस यायची ती त्यामुळेच. हिम्मतरावांनी निदान चांदणी तरी मारली होती. हा मनुष्य चांदणीशिवाय झाकत होता.

हर्षदाने सुलभाबाईंना फोन करून सांगितलं की नावाचं अजून नक्की नाही, ती भांडते आहे. सुलभाबाई म्हणाल्या, मी उद्घाटनाला येते, समोर उभी राहिले की त्यांना नाही म्हणणं जड जाईल.

बंजारा हिल्सच्या त्या हॉलमध्ये अनंतराव आले नाहीत. सुलभाबाई कांजीवरम नेसून एकट्या रिक्षाने आल्या. दारातच मोठ्या अक्षरांत 'अनामिक' होतं. आत त्यांची चित्रं काचेत लावली होती आणि प्रत्येकाखाली एकच ओळ होती: कलाकार अज्ञात. त्यांनी पहिली ओळ वाचली, मग दुसरी, मग वाचणं सोडून नुसत्या चालत राहिल्या. लोक हातात पेले घेऊन हिंडत होते. कुणी तरी 'हाउ रॉ' म्हणालं.

शेवटच्या भिंतीजवळ गर्दी होती आणि हसण्याचा आवाज येत होता.

त्या भिंतीवर लक्ष्मणराव होते, जमिनीपासून छतापर्यंत. सोवळ्याच्या निऱ्या हातभर रुंद झाल्या होत्या. वासलेल्या तोंडातली पडलेल्या दाताची फट दिसत होती. पोट, जे सुलभाबाईंनी प्रत्येक चित्रात आत घेतलं होतं, ते भिंतीभर पसरलं होतं. शेजारी पाटी होती: मॉडेल अज्ञात. एक तरुण त्यांच्यासमोर तसंच तोंड वासून, छत्री उगारून उभा होता आणि त्याची मैत्रीण मोबाइलवर फोटो काढत होती. तिच्यामागे आणखी तिघं आपली पाळी येण्याची वाट पाहत होते.

हर्षदा धावत आली. "काकू, मला माहीत नव्हतं. शपथ. फोटो चिन्मयकडेच राहिला होता, रात्रीतून लावलंय हे."

तिच्यामागून चिन्मय आला. त्याने वाकून नमस्कार केला.

"काकू, हिट आहे! सगळ्या शोमध्ये लोक इथंच थांबतायत. आजोबा स्टार झाले."

"हे काढा," सुलभाबाई म्हणाल्या.

"असं नका करू. बरं, ऐका. तुम्हाला नाव हवंय ना? हर्षदा माझं डोकं खातेय. आपण करू. शेवटच्या दिवशी जाहीर करू, मोठा कार्यक्रम, अनामिक कोण, आणि तुम्ही स्टेजवर. प्रत्येक चित्राखाली तुमचं नाव, मराठीत पण. फक्त आजोबा राहू द्या. आणि टी-शर्टवर आजोबा घ्यायला एक छोटी सही."

सुलभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पलीकडच्या काचेकडे, जिथे 'घोस्ट जनरल' होता आणि त्याच्याखाली जागा होती, एक ओळ मावेल एवढी.

"प्रत्येक चित्राखाली?" त्यांनी विचारलं.

"प्रॉमिस."

छत्रीवाला तरुण बाजूला झाला होता. आता एक बाई लक्ष्मणरावांच्या पोटावर तळहात ठेवून उभी होती आणि जीभ बाहेर काढून हसत होती.

"नाव नको," सुलभाबाई म्हणाल्या. "मामंजींना खाली घ्या."

"काकू, ते व्हिनाइल आहे, चिकटवलंय. काढता येत नाही."

सुलभाबाईंनी पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात नख घातलं. पहिल्यांदा नख मोडलं. मग कोपरा सुटला. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं आणि कर्र आवाज करत सोवळ्याचा काठ भिंतीपासून वेगळा झाला. जीभ काढणारी बाई किंचाळून मागे सरली. चिन्मयने सिक्युरिटीला खूण केली, पण इतक्या लोकांसमोर म्हाताऱ्या बाईच्या अंगाला हात कोण लावणार. तो गार्ड "अम्मा, अम्मा" करत नुसता उभा राहिला. हर्षदाने खुर्ची ओढून वरचा कोपरा धरला. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र मध्ये येत होतं, ते तिने काढून खुर्चीवर टाकलं. लक्ष्मणराव वरून खाली गुंडाळत आले. चेहरा फाटू नये म्हणून सुलभाबाई तेवढ्या जागी थांबून बोटाने हळूहळू सोडवत होत्या.

भिंत मोकळी झाली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एकाने 'ब्राव्हो' म्हटलं. चिन्मयने क्षणभर इकडे तिकडे पाहिलं आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

दोघींनी ती गुंडाळी उचलून बाहेर नेली.

दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी पेपरात आतल्या पानावर रंगीत फोटो होता. कांजीवरम साडी, खोचलेला पदर, हातात व्हिनाइलचा कोपरा. अनंतरावांनी फोटोखालची ओळ दोनदा वाचली. 'अनामिक प्रदर्शनाच्या उद्घाटनात आपली कला सादर करताना एक कलाकार.'

"नाव नाही टाकलं," ते म्हणाले.

सुलभाबाई मोडलेल्या नखाला हळद लावत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.